जुन्या मोटारींची रस्त्यावरची चाचणी: पेट्रोल, पाणी आणि ऑइल तेव्हा मोजायचे तरी कसं?

वाफारा

मंडळी, गेले काही दिवस साधारण १९०० ते १९३० च्या काळातल्या मोटारगाड्यांबद्दल वाचतोय आणि एक प्रश्न डोक्यातून जातच नाहीये. तेव्हा ना सेन्सर, ना फ्लो मीटर, ना कॉम्प्युटर, तरी प्रत्येक कंपनी आकडे छापायची की आमची गाडी इतके मैल देते, अमुक चढ पाणी न उकळता चढते, ऑइल इतकंच खाते. हे सगळं मोजलं कसं? पेट्रोलचं एकवेळ समजतं, टाकी भरली, चालवली, परत भरली. पण धावत्या गाडीत पाणी किती तापलं हे कोण बघणार? आणि ऑइलचं तर मला अजिबातच कळत नाही, कारण सुरुवातीच्या बऱ्याच गाड्यांत ऑइल थेंब थेंब सोडायचे आणि ते वापरून झालं की जळून किंवा गळून जायचं असं वाचलंय, मग हिशोब कशाचा ठेवायचा?

दुसरी गोष्ट विश्वासाची. रोल्स-रॉइसने १९११ मध्ये लंडन ते एडिंबरा आणि परत अशी अख्खी फेरी टॉप गिअरमध्ये केली आणि ॲव्हरेज २४.३२ मैल प्रति गॅलन पडलं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. इंजिन सात लिटरच्या वर! हा आकडा खरा मानायचा की जाहिरात समजून सोडून द्यायचा? आणि या तिन्ही गोष्टी ते वेगवेगळ्या तपासायचे की एकाच फेरीत? ज्यांनी जुनी इंजिनं स्वतः उघडली आहेत त्यांनी जरूर लिहा, लांब झालं तरी चालेल, मी सगळं वाचणार आहे.

मोजपट्टी

आधी १९११ चंच घेऊ, कारण माझ्या मते ती त्या काळातली सगळ्यात हुशारीने आखलेली चाचणी आहे.

पहिलं म्हणजे गॅलन कुठला ते बघायचं. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, अमेरिकन ३.७८५ चा. जुने आकडे वाचताना हे विसरलं की तिथेच वीस टक्क्यांचा घोळ होतो. इथे ब्रिटिश आहे, म्हणजे २४.३२ मैल प्रति गॅलन म्हणजे साधारण ८.६ किलोमीटर प्रति लिटर. ७.४ लिटरच्या इंजिनाला हे भारी आहे पण अशक्य नाही, कारण फेरीचा सरासरी वेग ताशी २० मैलांच्या आत होता. तेव्हा ब्रिटनमध्ये वेगमर्यादाच २० मैलांची होती. एवढ्या कमी वेगात वाऱ्याचा अडथळा जवळजवळ नसल्यासारखा, आणि मोठं इंजिन निवांत फिरत असतं.

आता यात हुशारी कुठे आहे ते बघा. ही फेरी म्हणजे नेपियर या प्रतिस्पर्धी ब्रिटिश कंपनीला दिलेलं उत्तर होतं. आदल्या वर्षी, १९१० मध्ये, एस. एफ. एज यांच्या नेपियरने हाच रस्ता टॉप गिअरमध्ये कापून १९.३५ मैल प्रति गॅलन काढले होते आणि नंतर ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर तीच गाडी ताशी ७६.४२ मैलांनी पळवली होती. रोल्स-रॉइसने तेच सगळं करून २४.३२ आणि ताशी ७८.२६ मैल काढले. म्हणजे एकाच गाडीला तीन कामं करायला लावली, कमी पिणं, गावातून टॉप गिअरमध्येच हळू रांगणं आणि ट्रॅकवर सुसाट जाणं. यातलं कुठलंही एक काम साधण्यासाठी गाडीत फेरफार करणं सोपं आहे. जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं छिद्र, बारीक केला की ॲव्हरेज वाढतं पण वरचा वेग मरतो. मागच्या ॲक्सलचा रेशो लांब ठेवला की पेट्रोल वाचतं पण चढावर टॉप गिअरमध्ये इंजिन धापा टाकतं. रेशो आखूड केला तर रांगणं जमतं, पेट्रोल जातं. तिन्ही एकत्र मागितलं की पळवाटच उरत नाही, आणि वर रॉयल ऑटोमोबाइल क्लबची देखरेख होती. म्हणून हा आकडा मी खरा मानतो.

देखरेख हा शब्द महत्त्वाचा आहे. १८९४ ची पॅरिस ते रुआँ ही स्पर्धा बघा, ल पती जुर्नाल या वर्तमानपत्राने भरवलेली. तिथे अटीच अशा होत्या की गाडी धोकादायक नको, चालवायला सोपी हवी आणि प्रवासाला स्वस्त पडायला हवी. सगळ्यात आधी पोचली काउंट द दिओन यांची वाफेची गाडी, पण तिला कोळसा टाकायला वेगळा माणूस लागायचा म्हणून पहिलं बक्षीस तिला मिळालं नाही, ते प्यूजो आणि पनार यांच्यात वाटलं गेलं. इंधनाचा खर्च आणि खटपट हे अगदी पहिल्या स्पर्धेपासून निकषात आहे, लोक मात्र फक्त कोण पहिलं आलं तेवढंच लक्षात ठेवतात.

मग १९०० ची हजार मैलांची ट्रायल, ब्रिटनभर, २३ एप्रिलला निघून १२ मेला परत. त्यात शॅप फेल, डनमेल रेझ असे चढ मुद्दाम ठेवलेले. आणि १९०७ ची रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर घोस्ट या मॉडेलची १५,००० मैलांची, क्लबच्या निरीक्षकांसमोर, बरीचशी लंडन आणि ग्लासगोच्या दरम्यान येऊन जाऊन. ६२९ मैलांवर पेट्रोलचा नळ हादऱ्यांनी आपोआप बंद झाला आणि गाडी थांबली, ते लपवलं नाही, नोंदवलं. त्यानंतर १४,३७१ मैल नाइलाजाने थांबावं लागलं नाही. शेवटी क्लबने गाडी उघडून झीज तपासली आणि गाडी पुन्हा नव्यासारखी करायला लागणाऱ्या पार्टसचा खर्च काढला, २ पौंड २ शिलिंग ७ पेन्स. तुमच्या ऑइलच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे, त्या काळात ऑइल किती लागलं यापेक्षा ऑइलने काम केलं का हे बघायचे, आणि ते कळतं इंजिन उघडून.

एक हिशोबाची गोष्ट राहिली. जड गाडी जास्त पिणार हे उघड आहे, मग तुलना कशी करायची? त्यासाठी ब्रिटिश ट्रायल्समध्ये टन-मैल प्रति गॅलन काढायचे. माणसांसकट गाडीचं वजन टनात, गुणिले मैल, भागिले गॅलन. दीड टनाच्या गाडीने २० मैल दिले तर ३० टन-मैल. अर्ध्या टनाच्या गाडीने ४० दिले तरी २०च होतात. म्हणून नुसतं मैल प्रति गॅलन बघून छोट्या गाडीला शाबासकी देता येत नाही.

दट्ट्या

मोजपट्टी यांनी पेट्रोलचं छान सांगितलंय, मी पाण्याबद्दल लिहितो कारण जुन्या गाड्या जोडताना माझा सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो.

सुरुवातीला कूलिंग म्हणजे पाणी उकळू देणं हेच होतं. बेन्झच्या पहिल्या तीनचाकीत पाणी सिलिंडरभोवती उकळायचं, वाफ होऊन उडायचं आणि आपण वरून ओतत राहायचं. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्था बेन्झ मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला गेल्या, शंभरेक किलोमीटर, तेव्हा वाटेत मिळेल तिथे पाणी भरत गेल्या आणि विस्लॉखच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन, म्हणजे पेट्रोलसारखं हलकं इंधन, घेतलं. पेट्रोलची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. लोक ही धाडसाची कथा म्हणून सांगतात, ती आहेच, पण माझ्या नजरेत ती मोटारीची पहिली खरी रोड टेस्ट आहे, कारण इंधन कुठे अडतं, पाणी किती लागतं, चढावर ताकद कुठे कमी पडते, ब्रेकला चामडं लावायला हवं, हे सगळं त्या एका फेरीत कळलं आणि पुढच्या गाड्यांत सुधारलं गेलं.

मग विल्हेल्म मायबाख यांचा मधमाशीच्या पोळ्यासारखा रेडिएटर, १९०१ च्या ३५ हॉर्सपॉवर मर्सिडीजवर. ६ बाय ६ मिलिमीटरच्या ८,०७० नळ्या. आधीच्या गाडीत १८ लिटर पाणी लागायचं ते ९ वर आलं. इथे एक समज काढून टाका, पाणी जास्त म्हणजे गाडी थंड असं नसतं. जास्त पाणी फक्त उकळायला वेळ लावतं. उष्णता बाहेर टाकते ती हवेला लागणारी जागा. म्हणूनच छोट्या चढावर केलेली टेस्ट फसवते, मोठी टाकी असलेली गाडी दोन मैलांचा चढ आरामात चढते आणि आठ मैलांच्या घाटात सातव्या मैलावर शिट्टी मारते. चाचणीचा चढ एवढा लांब हवा की पाण्याचा पारा चढून एका जागी थांबला पाहिजे.

आता मोजायचे कसं. १९१२ च्या सुमाराला बॉइस मोटोमीटर आलं, रेडिएटरच्या झाकणावर बसणारा थर्मामीटर, ड्रायव्हरला समोरच दिसायचा. त्याची खोच अशी की तो पाण्याचं तापमान दाखवतच नाही, पाण्याच्या वरच्या वाफेचं दाखवतो. ज्या गाडीत पंप नाही, नुसतं गरम पाणी वर आणि गार पाणी खाली या तत्त्वावर फिरतं, म्हणजे थर्मोसायफन, तिथे पाण्याची पातळी वरच्या होसच्या तोंडाखाली गेली की फिरणंच बंद होतं. इंजिनात पाणी खदखदतंय आणि वरचा थर्मामीटर मात्र शांत, असं होऊ शकतं. त्यामुळे जाणते लोक वरच्या टाकीत आणि खालच्या टाकीत वेगवेगळे थर्मामीटर घालून आत येणारं आणि बाहेर जाणारं पाणी दोन्ही वाचायचे.

आणि सगळ्यात कामाची युक्ती ही, हिवाळ्यात टेस्ट करून उन्हाळ्याचं उत्तर काढणं. एकाच भाराला आणि एकाच वेगाला पाणी आणि बाहेरची हवा यांच्यातला फरक साधारण तोच राहतो. समजा बाहेर १८ अंश आहे आणि लांब चढावर पाणी ७८ वर थांबलं. फरक ६०. म्हणजे बाहेर ४० अंश झाले की पाणी १०० ला पोचणार, ही गाडी ४० च्या उन्हात त्या चढावर उकळणार. आता उंची धरा, दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो, त्यामुळे २,००० मीटरवर ते ९३ ला उकळतं आणि तीच गाडी बाहेर ३३ असतानाच हात टेकते. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावरच रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह, असेल तर तो पूर्ण उघडा हवा, नाहीतर हा हिशोब चुकतो. थर्मोसायफनमध्ये पाणी तापेल तसं जोरात फिरतं म्हणून थोडं इकडेतिकडे होतं, पण अंदाजाला पुरतं.

यात वारा पाठीमागून असेल तर सगळं बिघडतं. पहिल्या गिअरमध्ये ताशी दहा मैलांनी चढताय आणि मागून दहा मैलांचा वारा आहे, तर रेडिएटरमधून जाणारी हवा फक्त पंखा ओढेल तेवढीच. खरी कूलिंग टेस्ट तीच. समोरून वारा असताना घेतलेले आकडे मी धरतच नाही.

आल्प्समधल्या ट्रायल्स याच कारणाने निर्णायक ठरल्या. १९१२ मध्ये जेम्स रॅडली यांची सिल्व्हर घोस्ट काटशबर्ग खिंडीत अडकली, तीन गिअरचा बॉक्स त्या चढाला पुरला नाही. पुढच्या वर्षी रोल्स-रॉइस चार गिअर आणि कूलिंगमध्ये सुधारणा करून परत गेली. ब्रिटनच्या रस्त्यावर १५,००० मैल निर्धोक गेलेल्या मॉडेलचा कमकुवत भाग एका खिंडीने दाखवला. रस्ता बदला की परीक्षा बदलते.

चिकित्सक

मोजपट्टी, तुमचा १९११ वरचा मुद्दा पटला, पण सगळ्याच आकड्यांना तोच मान देऊ नका. इकॉनॉमी रन म्हणून, म्हणजे कमीत कमी पेट्रोलमध्ये जाऊन दाखवायच्या ज्या फेऱ्या व्हायच्या, त्यात खूप हातसफाई असायची. उतारावर इंजिन बंद करून गाडी नुसती सोडायची, टायरमध्ये हवा दगडासारखी भरायची, ब्रेक इतके सैल की लागायचेच नाहीत, पंख्याचा पट्टा काढून ठेवायचा, जेट इतका बारीक की रोज कोणी तशी गाडी चालवणार नाही. यातलं काहीही खोटं नाही म्हणजे पेट्रोल खरंच तेवढंच लागलं, पण ती गाडी ग्राहकाला मिळणारी गाडी नव्हती. म्हणून बरी ट्रायल ओळखायची असेल तर अटी वाचा, उतारावर इंजिन चालू ठेवायचं होतं का, बॉनेटला सील होतं का, निरीक्षक गाडीत बसला होता का.

टाकी भरून परत भरायची पद्धतही कच्ची आहे. जुन्या टाकीचं तोंड थोडं तिरकं, गाडी इंचभर इकडे कललेली असली तरी लिटरभर फरक पडतो. शिवाय पेट्रोल तापलं की फुगतं, दर अंशाला साधारण एक हजारांश, सकाळी गार भरलं आणि दुपारी २० अंश जास्त असताना परत भरलं तर दोन टक्के तिथेच गेले. नीट करायचे ते वेगळी छोटी, खुणा केलेली टाकी लावायचे, तीन तोंडांच्या कॉकने मुख्य टाकीवरून तिच्यावर यायचं, मैलाच्या दगडावर कॉक फिरवायचा आणि पुढच्या ठरलेल्या दगडावर परत. किंवा सरळ वजनावर पेट्रोल मोजायचं, ते सगळ्यात उत्तम.

आणि जाऊन-येऊन दोन्ही बाजूंची सरासरी काढताना लोक हमखास घसरतात. जाताना चढावर ६ किमी प्रति लिटर मिळाले आणि येताना १२, तर सरासरी ९ नाही, ८ आहे. कारण एका किलोमीटरला किती लागलं त्याची बेरीज करायची असते. जुन्या जाहिरातींत ९ वाली बेरीज असू शकते हे लक्षात ठेवूनच वाचा.

अजून एक, इंधन. तेव्हाचं पेट्रोल आजच्यासारखं ठरलेल्या गुणांचं नव्हतं. ब्रिटनमध्ये घनतेवरून ओळखायचे, ०.६८० म्हणजे हलकं, चांगलं. पुढे मागणी वाढली तसं पेट्रोल जड होत गेलं. आणि फ्रान्समध्ये तर १९०२ ला उत्तरेकडे सर्किट द्यु नॉर नावाची मोठी स्पर्धा अल्कोहोलवर झाली, शेतकऱ्यांच्या बीटच्या अल्कोहोलला गिऱ्हाईक मिळावं म्हणून. अल्कोहोलमध्ये किलोमागे उष्णता पेट्रोलच्या जेमतेम दोन तृतीयांश, त्यामुळे तिथले खपाचे आकडे पेट्रोलशेजारी ठेवून बघणं चूक आहे.

वाफारा

वा, खूप मिळालं. दट्ट्या, तो फरकाचा हिशोब मला माहीतच नव्हता, एकदम उजेड पडला. आता ऑइल राहिलं. थेंब सोडणारी पद्धत असताना ड्रायव्हरला किती सोडायचं ते कसं कळायचं, आणि नंतर तेच ऑइल फिरवणारी इंजिनं आली तेव्हा खप मोजणं सोपं झालं का?

जुनं_लोखंड

सोपं झालं असं वाटतं पण झालं नाही, सांगतो.

सगळ्यात जुन्या पद्धतीत डॅशबोर्डवर काचेच्या नळ्या असायच्या, प्रत्येकीतून एकेका बेअरिंगला ऑइल थेंबाथेंबाने जाताना दिसायचं. मिनिटाला किती थेंब ते स्क्रूने लावायचं. थंडीत ऑइल घट्ट झालं की थेंब कमी, इंजिन तापून डॅशही तापला की जास्त, म्हणजे ड्रायव्हरने सारखं लक्ष ठेवायचं. काहींना हातपंप होता, ठरावीक मैलांनी एक दाब मारायचा, चढ आला की एक जादा. मोजायचं साधन म्हणजे मागचा धूर. हलका निळसर धूर दिसत असला तर ड्रायव्हर खूश, कारण धूर नाही म्हणजे ऑइल पोचत नाही अशी भीती. या पद्धतीत खप म्हणजे तुम्ही सोडलं तेवढं, त्यात टेस्ट करण्यासारखं काही नाही. टेस्ट होती ती बेअरिंगची, फेरीनंतर हात लावून बघायचा, मग उघडून पांढऱ्या धातूवर ओरखडे आहेत का ते.

मग आलं शिंतोडे उडवण्याचं तंत्र. कनेक्टिंग रॉडच्या टोकाला पळी, ती खालच्या ऑइलमध्ये बुडून वर उडवते. फोर्ड मॉडेल टी मध्ये मागचं फ्लायव्हील ऑइल उडवतं आणि एका नळीतून ते पुढे जातं. पातळी बघायला खाली दोन कॉक, वरच्यातून ऑइल आलं तर भरपूर आहे, खालच्यातूनही आलं नाही तर थांबा. हिची परीक्षा रस्त्याच्या उतारचढावावर असते. लांब चढावर नाक वर, सगळं ऑइल मागे जातं आणि पुढच्या सिलिंडरची रॉड कोरडी पडते. मी अशी इंजिनं उघडली आहेत, ओळीत तीन बेअरिंग ठीक आणि पुढचंच गेलेलं, मालक सपाट रस्त्यावर कितीही सांगो की गाडी उत्तम चालते. म्हणजे जो चढ पाण्याची परीक्षा घेतो तोच ऑइलचीही घेतो, पण वेगळ्या कारणाने.

उताराची परीक्षा उलटी. थ्रॉटल बंद करून इंजिन ब्रेकवर लांब उतरलात की सिलिंडरमध्ये व्हॅक्यूम तयार होतो आणि तो पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने ऑइल वर ओढतो. खाली पोचून ॲक्सिलरेटर दाबला की मागे निळा लोट. तो लोट बघून रिंगांची हालत कळते, हे आजही तसंच आहे.

प्रेशरने ऑइल फिरवणं लँचेस्टरसारख्या कंपन्यांनी फार लवकर केलं, हळूहळू सगळीकडे आलं, आणि आता संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, ऑइल मोजता येऊ लागलं. इथेच फसगत आहे. थंड इंजिनात चोक ओढून चालवलं की न जळलेलं पेट्रोल रिंगांमधून खाली संपमध्ये उतरतं. १९२० च्या दशकातलं जड पेट्रोल तर नीट उडायचंच नाही. त्यामुळे इंजिन ऑइल जाळतंय आणि पेट्रोल वरून भर घालतंय, डिपस्टिकवर पातळी तीच. कधी तर पातळी वाढलेली दिसते! मालक म्हणतो माझी गाडी ऑइल खातच नाही, आणि आत ऑइल पाण्यासारखं पातळ होऊन बेअरिंग मरत असतात. म्हणून नुसती पातळी बघून काढलेला ऑइलचा खप मी मानत नाही. गरम असताना ऑइल पूर्ण गाळून घ्यायचं, दर वेळी तेवढाच वेळ निथळू द्यायचं, वजन करायचं, आणि नमुना तापवून त्यातलं पेट्रोल उडवून ते किती होतं तेही बघायचं किंवा निदान किती पातळ झालंय ते मोजायचं. एसएई या अमेरिकन मोटार इंजिनिअरांच्या संस्थेने १९११ मध्ये ऑइलचा दाटपणा ठरवायचं पहिलं वर्गीकरण काढलं, त्याआधी हलकं, मध्यम, भारी एवढंच असायचं आणि एकाचं मध्यम दुसऱ्याचं भारी.

एरंडेलाचं पण सांगायला हवं. रेसवाले आणि पहिल्या महायुद्धातली फिरत्या सिलिंडरची विमानं एरंडेल वापरायची, कारण गरम असतानाही त्याची पकड राहते आणि ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. वाईट बाजू ही की ते चिकट थर सोडतं, रिंगा खाचेत बसून जातात. एका रेसपुरतं उत्तम, १५,००० मैलांच्या ट्रायलला नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न, वेगवेगळं तपासायचं का एकत्र. वेगवेगळं तपासलंत तर इंजिन तुम्हाला फसवणार. गाडी चढावर तापते? कार्ब्युरेटर थोडा रिच करा, पेट्रोल जास्त गेलं की इंजिन गार राहतं. कूलिंग पास. पण ॲव्हरेज गेलं आणि ते जादा पेट्रोल ऑइलमध्ये उतरलं. ॲव्हरेज हवंय? लीन करा, म्हणजे पेट्रोल कमी, मग मिश्रण सावकाश जळतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लाल होतात, पाणी तापतं. ऑइल कमी खावं म्हणून रिंगा घट्ट केल्या तर सिलिंडरच्या वरच्या भागाला ऑइल कमी पोचतं, घर्षण वाढतं, पुन्हा उष्णता. आणि स्पार्क कधी पडायचा ते ठरवणारा लिव्हर तर हातातच होता त्या काळी, तो जरा मागे राहिला तरी पाणी उकळतं आणि पेट्रोलही जास्त जातं, दोष मात्र बिचाऱ्या रेडिएटरवर. म्हणून फेरीच्या वहीत एकाच ओळीत पेट्रोल, वरचं पाणी, खालचं पाणी, बाहेरची हवा, ऑइल प्रेशर, स्पार्कची जागा, गिअर आणि वेळ हे सगळं लिहिलेलं असेल तरच ती वही कामाची.

पायवाट

मोठ्या गोष्टी चालल्यात त्यात एक छोटी भर. १९०८ मध्ये मुंबई ते कोल्हापूर अशी रिलायबिलिटी ट्रायल झाली होती, सुमारे ६२० मैल, वाटेत सह्याद्रीचे सहा घाट. त्यात जिंकलेली सिल्व्हर घोस्ट पुढे पर्ल ऑफ द ईस्ट या नावाने ओळखली गेली आणि ग्वाल्हेरच्या महाराजांनी ती घेतली. दट्ट्या म्हणतात तशी, ऊन आणि लांब चढ एकत्र आले की रेडिएटरची जी परीक्षा होते ती इंग्लंडमध्ये होणं शक्यच नव्हतं. कंपन्यांनी गाड्या इतक्या लांब पाठवण्यामागे विक्री होतीच, पण इंजिनिअरलाही त्यातून कळण्यासारखं भरपूर होतं.

आणि पाणीच नको म्हणणारेही होते, अमेरिकेतली फ्रँकलिन. हवेने गार होणारं इंजिन. लोकांना खात्री पटावी म्हणून १९१४ मध्ये त्यांच्या विक्रेत्यांनी गाड्या १०० मैल लो गिअरमध्येच, इंजिन न थांबवता चालवून दाखवल्या. लो गिअर का, तर इंजिन जोरात फिरतंय आणि गाडीला वारा मात्र लागत नाही, कूलिंगला सगळ्यात वाईट स्थिती.

वाफारा

जुनं_लोखंड, हे प्रिंट काढून ठेवतोय. एक शेवटचं विचारतो, मग हे रस्त्यावरून लॅबमध्ये कधी गेलं? म्हणजे इंजिन बेंचवर बसवून सगळं मोजता येऊ लागल्यावर रस्त्याची गरज संपली का?

मोजपट्टी

नाही संपली, रस्ता फक्त कुंपणाच्या आत आला. १९२४ मध्ये जनरल मोटर्सने मिशिगनमध्ये मिलफर्डला स्वतःचं प्रूव्हिंग ग्राउंड सुरू केलं. ठरावीक चढ, ठरावीक वळणं, स्पर्धक कंपन्यांच्या गाड्याही आणून त्याच रस्त्यावर चालवायच्या. सार्वजनिक रस्त्यावर आज बैलगाडी आडवी आली, उद्या पाऊस, परवा रस्ता खोदला, ते सगळं गेलं, हवामान तेवढं उरलं. १९२८ पासून ऑटोकार साप्ताहिकासारख्यांनी ठरलेल्या साच्यात रोड टेस्ट छापायला सुरुवात केली, मग वाचकाला दोन गाड्या शेजारी ठेवून बघता येऊ लागल्या.

पण लॅब आणि रस्ता यांचं भांडण बघायचं असेल तर नॉकिंग बघा, ते जुनं_लोखंड यांच्या मुद्द्याला जोडूनच आहे. ऑइल वर चढून जळलं की पिस्टनवर आणि हेडमध्ये कार्बन बसतो, कॉम्प्रेशन वाढतं, कार्बन निखाऱ्यासारखा तापून राहतो, आणि चढावर इंजिन टकटक करायला लागतं. म्हणजे पेट्रोल, उष्णता आणि ऑइल तिन्हींचा दोष एकाच आवाजात ऐकू येतो. जनरल मोटर्सचे थॉमस मिजली यांना डिसेंबर १९२१ मध्ये ही टकटक थांबवणारं शिशाचं संयुग सापडलं, १९२३ मध्ये ते घातलेलं पेट्रोल विकायला आलं, १९२६ मध्ये ग्रॅहम एडगर या रसायनशास्त्रज्ञाने पेट्रोल टकटक किती टाळतं ते सांगणारी ऑक्टेनची मोजपट्टी दिली, मग लॅबमध्ये कॉम्प्रेशन बदलता येणारं एका सिलिंडरचं इंजिन आलं. लॅबवाले म्हणाले हे पेट्रोल चांगलं, रस्त्यावरचे ड्रायव्हर म्हणाले नाही, हे टकटकतंय.

म्हणून १९३२ च्या उन्हाळ्यात तेलकंपन्या आणि मोटारकंपन्या दोघांचे लोक गाड्या आणि वेगवेगळी पेट्रोलं घेऊन पेनसिल्व्हेनियात युनियनटाऊनजवळच्या डोंगराच्या चढावर गेले. कुठलं पेट्रोल कुठल्या गाडीत कधी टकटकतं ते कान लावून नोंदवलं. निष्कर्ष रस्त्याच्या बाजूने लागला, आणि लॅबच्या इंजिनाची स्थितीच बदलली. आधी ते मिनिटाला ६०० फेऱ्यांवर चालायचं ते ९०० वर नेलं, आत जाणारं मिश्रण सुमारे १५० अंशांपर्यंत तापवायचं ठरलं, म्हणजे चढावर घामाघूम झालेल्या इंजिनासारखं. तीच पद्धत १९३३ मध्ये मोटर मेथड म्हणून मान्य झाली. पेट्रोलच्या माहितीत आज रिसर्च ऑक्टेन आणि मोटर ऑक्टेन असे दोन आकडे असतात, त्यातला मोटरचा आकडा नेहमी कमी असतो तो यामुळे.